खंडोबाचा किडा: आधी झाडावर पाहा, मग घरात आणा

सासवडला घराच्या खालच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. वर गच्ची, गच्चीवर कुंड्या, मागच्या परसात दोन सीताफळं. त्यातल्याच एका सीताफळाच्या फांदीवर, पावसाळा संपता संपता, मला पहिल्यांदा तो दिसला: पोपटी हिरवा, माझ्या मधल्या बोटाएवढा, पुढचे दोन्ही पाय छातीशी दुमडलेले. मी झाडू उचलला होता. सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, खंडोबाचा किडा आहे तो. राहू दे." जेजुरी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खंडोबाचं नाव आलं की हात आपोआप थांबतो. त्या दिवशी तो थांबला, त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर हंगामाला माझ्या शिलाई मशीनशेजारी एक बरणी असते.

पुस्तकांत याला प्रार्थनाकीटक म्हणतात, मुलं मँटिस म्हणतात. मँटिस हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ भविष्य सांगणारा. बरेच जण याला सरसकट नाकतोडा म्हणतात, ती मात्र चूक आहे. नाकतोडा पानं खातो, मागच्या जाड पायांनी उडी मारतो. हा शिकारी आहे, आणि त्याचं खरं नातं झुरळ आणि वाळवी यांच्याशी आहे.

ओळखायचं कसं, तर आधी पुढचे पाय बघा. सुपारी कातरायचा अडकित्ता आठवा. तसाच तो पाय मिटतो, आणि दोन्ही पात्यांना आतून काट्यांची रांग असते. सापडलेली माशी त्यातून सुटत नाही. मग डोकं बघा: त्रिकोणी, दोन टोकांना दोन मोठे डोळे, आणि मान अशी की अंग न हलवता तो खांद्यावरून मागे बघू शकतो. बाकीचे किडे सहसा तुमच्याकडे असे वळून बघत नाहीत. काडीकिडा त्याच्यासारखा लांबट असतो, पण त्याला अडकित्ता नसतो आणि तो पाल्यावर जगतो. रात्री दिव्यावर कधीकधी पारदर्शक पंखांचा, असेच पुढचे पाय असलेला छोटा किडा येतो. त्याला मँटिसफ्लाय म्हणतात, त्याचं कूळच वेगळं. पंख जाळीदार काचेसारखे दिसले की समजावं, हा आपला नव्हे.

त्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि तुम्ही जिकडे जाल तिकडे तो ठिपका येतो. ती खरी बाहुली नाही. डोळा हजारो बारीक भिंगांचा असतो, आणि ज्या भिंगांच्या रांगेत तुम्ही सरळ उभे असता तेवढीच काळी दिसतात. अंधार पडला की सगळा डोळाच गडद होतो, आणि पहिल्यांदा पाळणारी माणसं घाबरतात की हा आंधळा झाला. सकाळी तो पुन्हा हिरवा होतो.

या डोळ्यांवर इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात एक सुंदर प्रयोग झालाय. डॉ. विवेक नित्यानंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँटिसच्या डोळ्यांवर मधमाशीच्या मेणानं इवलासा निळा-हिरवा चष्मा चिकटवला आणि पडद्यावर हलणारं भक्ष्य दाखवलं. ते पुढे तरंगतंय असा भास झाला की मँटिस झडप घालायचा; सपाट चित्रावर घालायचा नाही. दोन डोळ्यांनी अंतर मोजतो, हे त्यातून सिद्ध झालं. 2016 साली हे प्रसिद्ध झालं. सुईत दोरा ओवताना मी एक डोळा मिटला की माझा अंदाज चुकतो, तेव्हा मला हमखास हा प्रयोग आठवतो.

आता जाती. जगात सुमारे अडीच हजार आहेत, पण आपल्या परसात भेटणाऱ्या चार-पाच ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं. सगळ्यात सहज दिसतो तो हायरोड्युला: मोठा, भरदार, बहुतेक हिरवा, कधी तपकिरी किंवा पिवळट, आणि पुढच्या पंखाच्या कडेजवळ एक पांढरा ठिपका. रंगावर जाऊ नका, एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी दोन्ही असतात. नव्यानं पाळणाऱ्यानं हाच घ्यावा, कारण तो दणकट आहे आणि खाण्याचे नखरे करत नाही. झेंडूवर, शेवंतीवर बसलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा, पंखावर डोळ्यासारखी गोल नक्षी असलेला दिसला तर तो क्रिओब्रोटर, म्हणजे फुलावरचा मँटिस. झाडाच्या खोडावर सालीच्याच रंगाचा, चपटा, आणि जवळ गेलं की खोडाच्या पलीकडे सर्रकन पळणारा तो हम्बर्टिएला. मी तो कडुलिंबाच्या खोडावर कित्येकदा पाहिलाय, पण बरणीत ठेवायला धजले नाही. धावणाऱ्या जिवाला बरणी अपुरी पडते. माळावरच्या वाळल्या गवतात गवताचीच काडी वाटावी असा शायझोसेफाला असतो, दहा सेंटिमीटरहून लांब आणि दाभणासारखा बारीक. आणि ज्याच्या नावावरून सगळ्यांना हे नाव पडलं तो मँटिस रिलिजिओसा, ज्याला 1758 साली लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं नाव दिलं. त्याची खूण म्हणजे पुढच्या पायाच्या काखेत आतल्या बाजूला काळा ठिपका. तो बिथरून पाय वर करतो तेव्हाच ती दिसते.

ऑर्किडच्या फुलासारखा पांढरा-गुलाबी मँटिस मोबाइलवर बघून मुलं माझ्याकडे मागायला येतात. तो आग्नेय आशियातल्या दमट जंगलातला आहे, सासवडच्या कोरड्या हवेचा नाही. पैसे देऊन कुठूनही किडे मागवू नका. आपल्या परसातला एक घ्या, त्याच परसात परत सोडा, एवढंच मी पाळते. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून तर काहीच उचलायचं नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे.

आणायच्या आधी आठवडाभर त्याला झाडावरच बघा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. सकाळी आठच्या सुमारास आणि संध्याकाळी दिवेलागणीला. एखादा मँटिस दिवसचे दिवस एकाच कुंडीत राहतो. तो कुठे बसतो, पानाच्या वर की खाली, डोकं वर की खाली, हे बघितलंत तर बरणी कशी हवी ते आपोआप कळतं. बहुतेक वेळा तो उलटा टांगलेला दिसेल. पाळण्यातली सगळी अक्कल त्या टांगण्यात आहे.

मला ती उशिरा आली. पहिल्या वर्षी मी एक पिल्लू बटणं ठेवायच्या सपाट डबीत ठेवलं होतं. डबी स्वच्छ होती, झाकणाला भोकं होती, आत चिलटं सोडत होते. एके सकाळी बघते तर त्यानं रात्री कात टाकली होती आणि डबीत खाली सरकायला जागाच नव्हती. नवे मऊ पाय तळाला टेकून वाकडे झाले, आणि तसेच वाळून कडक झाले. एक अडकित्ता मिटेचना. तीन दिवस मी त्याला चिमट्यानं माशीचा तुकडा भरवला, चौथ्या दिवशी ते गेलं. चूक माझी होती.

म्हणून मोजमाप पक्कं सांगते. बरणीची उंची किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, रुंदी दुप्पट. हायरोड्युलाची मादी सात-आठ सेंटिमीटरची होते, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर उंच बरणी. लोणच्याची पारदर्शक प्लॅस्टिकची मोठी बरणी छान चालते. झाकणाचा मधला भाग कापून काढा आणि तिथे जाळी लावा. परकराला घेर यावा म्हणून आम्ही आतून जी कडक कॅनकॅन लावतो, ती यासाठी उत्तम. तिची भोकं एवढी असतात की नखं अडकतात, आणि कापड ताठ असल्यानं झोळ पडत नाही. मच्छरदाणीचं मऊ कापड ढिलं पडतं. जाळी घट्ट ताणून कडेनं रबर लावा. नुसतं गुळगुळीत प्लॅस्टिकचं झाकण नको, त्याला त्याची पकड लागत नाही आणि नेमका कात टाकताना तो पडतो. आत एक-दोन तुराट्या तिरक्या टेकवा, पण मधली जागा मोकळी ठेवा. तळाला साधा कागद, रोज बदलता येईल असा. माती, शोभेचे दगड, प्लॅस्टिकची फुलं काही नको.

बरणी उन्हात ठेवू नका. उजेड हवा, ऊन नको. एका ताटलीत पाणी घालून त्यात वाटी उपडी ठेवा आणि तिच्यावर बरणी, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. लहान पिल्लाला मुंग्या जिवंतपणी तोडतात. आणि ज्या खोलीत बरणी आहे तिथे डासांची कॉइल, यंत्रातलं औषध, झुरळांचा खडू काही नको. ती औषधं किड्यांना मारण्यासाठीच केलेली असतात, त्यांना आपला आणि परका कळत नाही.

एका बरणीत एकच. दोन ठेवले तर सकाळी एकच राहील.

पाणी वाटीत ठेवायचं नाही. फवाऱ्याच्या बाटलीनं बरणीच्या एका बाजूला दिवसातून एकदा बारीक तुषार मारा, एप्रिल-मेमध्ये दोनदा. तो थेंब तोंडानं ओढून पितो. मशीन थांबवून ते बघण्यासारखं असतं, इवलाले जबडे हलतात आणि थेंब लहान लहान होत जातो. संध्याकाळपर्यंत बरणी सुकली पाहिजे, नाहीतर बुरशी येते.

खाणं जिवंत आणि हलणारंच लागतं. न हलणारी वस्तू त्याला अन्नच वाटत नाही. अगदी लहान पिल्लांना चिलटं. पिकून काळं पडलेलं केळं बाटलीत घालून तोंड उघडं ठेवा, दोन दिवसांत चिलटं जमतात, मग वरून कापड बांधा. बारा-पंधरा दिवसांत आतल्या आत नवी पिढी तयार होते. थोडा मोठा झाला की घरमाशी, छोटे पतंग. पूर्ण वाढलेल्याला रातकिडा, झुरळ, नाकतोडा. भक्ष्य त्याच्या निम्म्या लांबीपेक्षा मोठं नको. लहानग्याला रोज किंवा दिवसाआड, मोठ्याला दोन-तीन दिवसांनी. पोट बघून ठरवा: चपटं म्हणजे भूक, फुगलेलं म्हणजे थांबा. औषध मारलेल्या शेतातले किंवा घरातले किडे कधीही देऊ नका.

जेवण झालं की तो अडकित्त्याचा एकेक काटा तोंडातून काढून साफ करतो. मग पाय डोळ्यांवरून फिरवतो, अगदी मांजरासारखा. हे सगळं चालू असताना त्याला हात लावू नका, मी तर बरणीही हलवत नाही.

आता कात. जन्मापासून पंख येईपर्यंत तो सात-आठ वेळा कात टाकतो. आधी दोन-चार दिवस खाणं सोडतो, रंग मळकट होतो, जाळीला टांगून सुस्त राहतो. शेवटच्या खेपेला पाठीवरचे पंखांचे कोंब टम्म फुगतात. ही लक्षणं दिसली की आतला रातकिडा लगेच बाहेर काढा, कारण मऊ पडलेल्या मँटिसला रातकिडाच कुरतडतो. थोडा जास्त फवारा मारा, थेट अंगावर नव्हे, आणि बरणीला स्पर्शसुद्धा नको.

एका लग्नसराईत मी रात्री ब्लाउजला हुक लावत बसले होते. अकरा वाजून गेले होते. मशीनच्या दिव्यात दिसलं की माझी मादी शेवटची कात टाकतेय. डोक्यामागे पाठीवर एक उभी शिवण उसवावी तशी भेग पडली. त्यातून फिकट हिरवं अंग हळूहळू खाली घसरू लागलं, आधी पाठ, मग डोकं. घट्ट बाहीतून हात काढावा तसे लांब पाय एकेक करून सुटले. सगळे पाय मोकळे झाल्यावर ती शेपटीच्या टोकावर, जुन्या कातीत अडकून, डोकं खाली करून नुसती लोंबत राहिली. किती तरी वेळ हालचाल नाही. माझा श्वास अडकला होता. मग एका झटक्यात ती वर वळली, आपल्याच रिकाम्या कातीला धरलं आणि शेपूट सोडवली. पाठीवर पंख होते, पण धुवून पिळलेल्या व्हॉइलच्या बोळ्यासारखे. तासाभरात ते कुणी इस्त्री फिरवावी तसे उलगडत, लांबत, सपाट झाले, आधी दुधी आणि पहाटेपर्यंत हिरवे. हुक तसेच राहिले होते.

त्यानंतर दोन दिवस खायला देऊ नका, जबडे आणि काटे कडक व्हायला वेळ लागतो. कात टाकताना मधला किंवा मागचा पाय गेला तर पिल्लाला पुढच्या काती शिल्लक असतात, त्यांत तो पाय हळूहळू परत येतो. पंख आल्यावर मात्र कात नाही, आणि नवा पाय नाही.

नर की मादी हे पोटाखालून बघायचं. जाळीला टांगलेला असताना पोटाच्या पट्ट्या मोजा: मादीला सहा दिसतात, नराला आठ. नर सडपातळ, मिशा लांब, पंख पोटाच्या पलीकडे गेलेले. रात्री दिव्यावर येतो तो बहुधा नरच. अंधारात उडणाऱ्याला वटवाघळांची भीती, म्हणून त्याच्या छातीखाली, मागच्या पायांच्या मधोमध, एकच कान असतो. वटवाघळाचा आपल्याला न ऐकू येणारा आवाज त्याला ऐकू येतो आणि तो उडता उडता एकदम खाली डुबकी घेतो.

मादी नराला खाते, हे खरं आहे, पण दर वेळी नाही. उपाशी मादी जास्त खाते. दोघांना एकत्र आणायचंच असेल तर मादीला पंख येऊन तीन-एक आठवडे होऊ द्या, आधी दोन दिवस पोटभर जेवू घाला, मोठ्या जाळीदार पिंजऱ्यात ती खात असतानाच नराला तिच्या मागच्या बाजूनं सोडा. मीलन तासन्‌तास चालतं. तो खाली उतरला की लगेच वेगळा करा. मी स्वतः हे आता करत नाही. गच्चीवरच्या जाळीत मादी ठेवली की नर बाहेरून येऊन बसतो, मी जाळी उघडते आणि दोघांना झाडावर जाऊ देते.

रानातून पकडलेल्या मोठ्या मँटिसच्या पोटातून कधीकधी काळ्या केसासारखा लांब जंत बाहेर येतो. पाहिल्यावर अंगावर काटा येतो, पण माणसाला त्याचा काही अपाय नाही. तो जंत किड्याला पाण्याकडे ओढून नेतो आणि पाण्यात बाहेर पडतो. हायरोड्युलाच्याच एका जातीवर जपानमध्ये यावर अभ्यास झालाय. पाण्यावरून परतणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या उजेडाकडे बाधा झालेले मँटिस खेचले जातात. शक्यतो मोठा किडा आणण्यापेक्षा लहान पिल्लू आणावं, असं मी म्हणते त्याचं हे एक कारण.

चंपाषष्ठीच्या आसपास आमच्या परसातल्या माद्या अंडी घालतात. फेस काढत काढत ती काडीवर एक गोळा बनवते, तो वाळून सुपारीपेक्षा थोडा मोठा, फिकट तपकिरी, थर्मोकोलसारखा हलका होतो. आत शंभरावर अंडी असतात. बरणीत घातली असतील तर ती काडी कापून तशीच, त्याच दिशेनं, सावलीत टांगा. गोळ्यावर कडेनं टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसली तर समजा, इवल्या गांधीलमाशीनं आत आपली अंडी घातली होती आणि तिची पिलं निघून गेली. ती भोकं आपण बुजवायची नसतात. तिलाही जगायचंच आहे.

ऊबदार हवेत महिना-दीड महिन्यात, थंडीत त्याहून उशिरा, एके सकाळी गोळ्याच्या मधल्या शिवणीतून पिलं बारीक धाग्यांना लोंबत बाहेर येतात. सगळी एकदम. त्यांना त्या दिवशी खायला लागत नाही. दोन-तीन वेगळ्या पेल्यांत ठेवा, बाकीची त्याच दिवशी वेगवेगळ्या झाडांवर सोडा: कढीपत्ता, तगर, गोकर्ण, जिथे मावा आणि बारीक माश्या आहेत तिथे. बागेतली कीड हा संपवेल या आशेनं मात्र पाळू नका. तो माशी खातो तशी मधमाशीही खातो, फुलपाखरूही खातो.

अंडी घातलेली मादी शेवटी शेवटी म्हातारी होते. पकड सुटते, जाळीवरून खाली पडते, पायाची टोकं काळी पडतात. तेव्हा बरणीच्या तळाशी जुन्या सुती साडीचा तुकडा अंथरा, तुराटी आडवी ठेवा म्हणजे तिला फार चढावं लागणार नाही, आणि रंगाच्या बारीक ब्रशच्या टोकावर पाण्याचा थेंब घेऊन तोंडाशी धरा. ती पिते. माशीचं पोट उघडून ओठांशी लावलं तर तेही चाटते. गेल्या पौषात माझी मादी अशी बारा दिवस होती. तिनं घातलेल्या अंड्यांची काडी मी पांढऱ्या दोऱ्यानं सीताफळाच्या फांदीला बांधली, मी तिला पहिल्यांदा पाहिलं होतं त्याच उंचीवर. गाठ सैल ठेवली, फांदी जाडावते म्हणून.